पाचाचे पन्नास

"एक्केचाळीस नंबर. पंचेचाळीस. परत."

दूधकेंद्रावरच्या मापाड्याने झाकण न लावताच किटली एक्केचाळीस नंबरच्या बाईकडे सरकवली. दूध हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. तिने पाय मागे घेतला नाही.

"परत म्हणजे?"

"परत म्हणजे घरी न्या. पन्नासच्या खाली दूध घ्यायचं नाही. वरून कागद आलाय." त्याने अंगठ्याने मागची पाटी दाखवली. पाटीवर वर्षानुवर्षं ‘३.५ च्या खाली दूध परत’ असं लिहिलेलं होतं. आज त्या पाचाच्या पुढे एक शून्य होतं. जुनी अक्षरं पिवळी पडलेली, शून्य तेवढं पांढरंफेक.

"पाच होतं ना?"

"होतं. आता पन्नास आहे. व्हा बाजूला, मागे रांग आहे."

दूधकेंद्रावर कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. सभासद-वहीतला नंबर हेच नाव. एक्केचाळीसची सासू, बत्तीसचा नवरा, असं गावातही म्हणत. आणि मापाडी फॅटचा पूर्ण आकडाही कधी पुकारत नसे. गाईचं दूध लागायचं ते तीनावर काहीतरी. मग ‘तीन’ आणि मधलं टिंब दर वेळी कशाला बोलायचं? पुढचं तेवढं बोलायचा. आठ. सात. नऊ. पाचाच्या खाली गेलं तर परत. हे सगळ्यांना पाठ होतं.

दोन महिन्यांपूर्वी नवं मशीन आलं. पहिल्याच सकाळी तो म्हणाला, "एक्केचाळीस नंबर, बहात्तर," आणि रांगेतल्या बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या. आदल्या दिवशी तिला आठ होते. बत्तीसचे साताचे अडुसष्ट झाले. ज्या सात नंबरच्या म्हातारीला कधी सहाच्या वर मिळालं नव्हतं, तिला एकसष्ट मिळाले, तेव्हा तिने मशीनला हात लावून पाहिला होता. वाईट झालं की माणूस कारण विचारतो. चांगलं झालं की कोणी खोदून विचारत नाही. एक्केचाळीसने तर सगळ्यांना सांगितलं, "पेंड बदलली ना मी, त्याचा गुण."

पुढे बहात्तरचे पासष्ट झाले, पासष्टचे अठ्ठावन्न. तिने मनाला लावून घेतलं नाही. ऊन वाढलंय, गाय धापते, चार आकडे खाली-वर व्हायचेच. आठाच्या मानाने अठ्ठावन्न म्हणजे लोणीच की.

आणि आज परत.

"पाचाचे पन्नास केले," ती रांगेकडे वळून म्हणाली. "ऐकलंत का? दहापट. एका रात्रीत. आपल्या गाईंनी जरा बरं दूध दिलं, ते यांना बघवलं नाही. आज पन्नास, उद्या पाचशे करतील."

"माझं आज बावन्न," सात नंबरची म्हातारी म्हणाली. "दोन आकड्यांनी वाचले गं बाई."

"उद्या तुमचंही परत येईल, मावशी."

"एक्केचाळीस खरं बोलते," बत्तीस म्हणाली. "हा दादा काल पाटी रंगवत होता, मी पाहिलं."

मापाडी हसला. त्याचं हसणं हिरड्यांपर्यंत दिसायचं. "मशीन सांगतं ते मी सांगतो. माझ्या काय घरची गाय आहे?"

ते हसणं तिच्या डोक्यात गेलं. तिने किटली उचलली आणि म्हणाली, "पाटीवरचं शून्य पुसेपर्यंत या गल्लीतून थेंब येणार नाही. कोण येतंय माझ्याबरोबर?"

बावीस बायका तिच्यामागून निघाल्या. जन्मात पहिल्यांदा तिच्या मागे माणसं चालत होती.

*

एकच गाय होती, तांबडी. नवरा खाणीवर जायचा. खाण दोन महिने बंद होती, तो इकडेतिकडे भिंतीची कामं शोधत फिरायचा आणि बहुतेक दिवस हात हलवत परत यायचा. घर तांबडीच्या चार सडांवर उभं होतं, हे सासूही म्हणायची आणि नवराही, फक्त नवरा ते हळू म्हणायचा.

दूध न घालण्याचा पहिला दिवस बरा गेला. पोरांनी पोटभर दूध प्यायलं. दुसऱ्या दिवशी घरोघरी दही लागलं. तिसऱ्या दिवशी दह्याला पाणी सुटलं. चौथ्या दिवशी गल्ली नासली. कोणी उकिरड्यावर ओतलं, कोणी गटारात. गटार पांढरं झालं, त्यावर साय धरली, सायीवर हिरवट बुरशी. कुत्री आधी प्यायली, मग तीच कुत्री भिंतीच्या कडेने ओकत हिंडू लागली. माश्या इतक्या झाल्या की बोलताना तोंडावर हात धरावा लागे. अंगाला, पदराला, पोरांच्या केसांना तोच आंबट, बाळाच्या ओकारीसारखा वास. शाळेत जाताना पोरगी म्हणाली, "आई, माझ्या वहीलासुद्धा वास येतो."

या पोरीला सगळे खार म्हणत. दिसेल ते उचलून साठवायची सवय. फॅटच्या चिठ्ठ्यासुद्धा तीच गोळा करायची. केंद्रावर प्रत्येक दुधामागे बोटभर कागदाची चिठ्ठी मिळे; त्यावर नंबर, तारीख आणि आकडा. बाकीच्या घरांत ती चिठ्ठी चुलीत जाई. खार ती तारेत ओवून दाराच्या खिळ्याला लटकवी.

धार काढायचं काम तसंच चालू होतं, कारण गाय काही बंदमध्ये सामील नव्हती. पहाटे अंधारात ती बसायची. गोठ्यात मुताचा झोंबरा वास, खाली शेणात पावलं रुततात, तांबडीची शेपटी ओली होऊन तोंडावर बसते. हल्ली गाय उभी राहत नव्हती. मागच्या उजव्या सडाला हात लावला की लाथ उचलायची.

"माश्यांनी हैराण झालीय," म्हणून तिने तिचे मागचे पाय दोरीने बांधले.

दूध गाळताना फडक्यावर पांढरे-पिवळे कण राहायचे. पहिल्यांदा दिसले, तेव्हाच नव्या मशीनने पासष्ट दाखवलं होतं. तिने फडकं सासूपुढे नेलं होतं. "आत्या, बघा. नुसती मलई उतरायला लागली. धारेतच लोणी."

सासूने बोटावर एक गोळी घेतली आणि चाटली. "जरा खारट आहे गं."

"पेंडीत मीठ असतं ना."

"असेल," म्हणून म्हातारीने बोट पुसलं. तेव्हापासून फडक्यातली ‘मलई’ रोज तिच्या वाटीत जायची. दात नव्हते, चावायला लागायचं नाही, म्हणून तिला बरी वाटायची.

*

शाळा एका खोलीची. मास्तर वय झालं तरी येत. त्यांच्या जागी कोणी नेमलंच नव्हतं. आवाज कधी चढवायचे नाहीत. पोरगा चुकला की म्हणायचे, "थांब, चूक पुसू नकोस. आधी तिला नीट बघू."

बंदच्या पाचव्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या.

दशांशाच्या जागी ६ असलेली चिठ्ठी शोधा.
शतांशाच्या जागी ५, पण दशांशाच्या जागी ५ पेक्षा लहान अंक.
दिसायला वेगळ्या, पण किमतीने सारख्या अशा दोन चिठ्ठ्या.

"चिठ्ठ्या खोलीत लपवल्या आहेत," ते म्हणाले. "चाळीस आहेत. केंद्राच्या अंगणातून मीच वेचून आणल्यात, चिकट आहेत, चाटू नका. टिंबाच्या लगेच उजवीकडे दशांश. त्याच्या उजवीकडे शतांश. फळ्यावरच्या ओळीत बसेल तीच चिठ्ठी काढायची, बाकीच्या जिथल्या तिथे ठेवायच्या."

पोरं सुटली. कोणी फळ्यामागे हात घातला, कोणी खिडकीच्या फटीत काडी.

"ए, माझ्या बोटाला ओलं काहीतरी लागलं."

"पालीचं अंडं आहे. फोडलंस वाटतं."

"शी. मास्तर, हा माझ्या शर्टाला पुसतोय."

कपाटाखाली उंदराची विष्ठा होती, तिच्यात एक चिठ्ठी निघाली. माठाच्या तिवईखाली दुसरी, मुंग्यांनी काळी झालेली. जाड्या नावाचा पोरगा कोपऱ्यातला फाटका चेंडू उलटा करून ओरडला, "सहा सापडला. तीन टिंब सहा आठ."

"सहा कुठे आहे?"

"टिंबाशेजारी."

"मग बरोबर. आठाला काय म्हणशील?"

"आठ शतांश. तो बिचारा मागे राहिला."

तिसऱ्या ओळीवर भांडण झालं. जाड्याला जुन्या मशीनची ३.५ची चिठ्ठी मिळाली होती आणि एका पोरीला नव्या मशीनची ३.५०. दोघं एकमेकांची चिठ्ठी ओढत होते.

"सारखी कशी? हिचे पन्नास आहेत, माझे पाच."

"माझी आई म्हणते, पाचाचे पन्नास केले म्हणून तर बंद आहे," पोरगी म्हणाली.

मास्तरांनी खडू घेतला. मागच्या भिंतीपासून दारापर्यंत जमिनीवर बरोबर दहा फरश्या होत्या. भिंतीशी त्यांनी ३ लिहिले, दाराशी ४. मग प्रत्येक फरशीवर आडव्या रेघा मारून तिचे दहा भाग केले. हे करायला त्यांना वेळ लागला. गुडघा धरून उठत, परत बसत. पोरं वाकून बघत राहिली.

"भिंत म्हणजे तीन, दार म्हणजे चार. एक फरशी म्हणजे एक दशांश. फरशीतली एक बारीक पट्टी म्हणजे एक शतांश. आता आपापली चिठ्ठी घेऊन आपल्या जागेवर उभं राहायचं. जाड्या, तू आधी."

जाड्या पाच फरश्या मोजून शेवटच्या कडेवर उभा राहिला.

"आता पन्नासवाली."

पोरगी गोंधळली. "मास्तर, फरश्या दहाच आहेत. पन्नास कुठून आणू?"

"ही रस्त्यावर जाऊन उभी राहील," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"थांबा, हसू नका. तिने बरोबर विचारलंय. टिंबाशेजारी काय आहे तुझ्या?"

"पाच."

"म्हणजे किती फरश्या?"

"पाच." ती चालत गेली. "आणि पुढे शून्य. म्हणजे पुढच्या फरशीतली एकही पट्टी नाही." ती थांबली. पुढे जाड्याचा पाय होता. "मास्तर, हा सरकत नाही."

"सरकणारच नाही. दोघांनी एकाच जागी उभं राहायचंय."

दोघं एकमेकांना कोपर मारत एका कडेवर उभे राहिले. खार ते बघत होती. तिने दप्तरातून तार काढली. घरच्या चिठ्ठ्या दाखवायला आणल्या होत्या. "मास्तर, मी आमच्या गाईच्या तारखेने चालू?"

"चाल."

पहिली ३.८. ती दारापासून दोन फरश्या अलीकडे उभी राहिली. मग ३.७२, मागे सरकली. ३.६५, आणखी मागे. ३.५८. तिची पाठ भिंतीकडे चालली होती आणि पोरं म्हणत होती, "खार उलटी चालली." शेवटची ३.४५ घेऊन तिने टाच टेकली, तेव्हा जाड्या तिच्या पुढे होता.

ती चिठ्ठीकडे बघत राहिली. "मास्तर, आमची गाय वाढली नव्हती?"

मास्तर तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले. "दूध गाळताना फडक्यात काही राहतं का गं?"

"मलई राहते. पिवळी. आजी खाते."

मास्तरांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले. "आईला म्हणावं, उजेडात धार काढ. काळ्या कापडावर. आजच."

*

आई उन्हात गोवऱ्या थापत होती. कोपरापर्यंत शेण, मानेवर माश्या. अंगणात दहाच्या ओळी लागल्या होत्या. ती नेहमी दहाचीच ओळ लावी, मोजायला सोपं जातं.

"आई, पन्नास म्हणजे पाचच आहेत."

"तोंड धुऊन ये आधी. काहीतरी बरळू नकोस."

"खरंच. मास्तरांनी दाखवलं. पाटी तीच आहे, नुसतं शून्य वाढवलंय."

"मास्तरांकडे गाय आहे का?"

"नाही."

"मग त्यांना काय कळतं?" तिने गोळा जमिनीवर आपटला. "बावीस घरं माझ्या शब्दावर थांबलीत. तू शाळेतनं येऊन सांगतेस, पन्नास म्हणजे पाच. हे बाहेर बोलशील तर जीभ हासडीन."

खार रडली नाही. ती ओळींपाशी गेली. "आई, या पाच ओळी. किती गोवऱ्या?"

"पन्नास."

"नवं मशीन गोवऱ्या मोजतं. जुनं नुसत्या ओळी मोजायचं. ओळी पाच म्हटल्या काय, गोवऱ्या पन्नास म्हटल्या काय."

आईचे हात थांबले.

"आपलं आधी काय होतं?" खारीने विचारलं.

"आठ."

"आठ ओळी. किती गोवऱ्या?"

आईचे डोळे ओळींवरून फिरले. एक, दोन, तीन. आठव्या ओळीपर्यंत गेले. मग पंचेचाळीसवर मागे आले, पाचव्या ओळीच्या अर्ध्यावर. तिथून आठवी ओळ किती लांब होती, ते तिला दिसलं. रोज आपल्याच हाताने ती ते अंतर थापत आली होती.

"ऐंशीवरून पंचेचाळीस," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

"मास्तर म्हणाले, काळ्या कापडावर धार काढ. उजेडात."

तिने हात धुतले. जुन्या छत्रीचं काळं कापड फाडून एका थाळीवर ताणलं आणि तांबडीला गोठ्याबाहेर उन्हात आणली. पहिले तीन सड ठीक होते. चौथ्याला, मागच्या उजव्याला, तिने तळवा लावला. कास तव्यासारखी गरम होती आणि दगडासारखी टणक. गाय थरथरली. तिने दाबलं. आधी काहीच आलं नाही. मग कापडावर एक पिवळी गाठ पडली, मग दुसरी, मग पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात रक्ताची तार. वास आला. पिकलेल्या जखमेचा.

सासू खाटेवरून वाकून बघत होती. "मलई," ती म्हणाली, आणि मग तिला कळलं.

म्हातारी भिंतीला धरून परसात गेली. ती ओकत असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. एक्केचाळीस उठली नाही. तिला वाटलं, उठून सासूची पाठ धरावी. पण ज्या हाताने वाटी भरून दिली त्याच हाताने पाठ कशी धरायची? ती कापडाकडे बघत बसली. गाईने इतके दिवस लाथा मारून सांगितलं आणि आपण तिचे पाय बांधले.

*

गुरांचा डॉक्टर संध्याकाळच्या आत आला. नवरा त्याला सायकलवर घेऊन आला होता.

"दगडी झालीय, कासेत पू धरलाय," कास दाबून तो म्हणाला. "इतके दिवस काय बघत होतात?"

"आम्हाला वाटलं, दूध सुधारलंय," नवरा म्हणाला.

डॉक्टरने त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हा सड गेला," शेवटी तो म्हणाला. "बाकीचे तीन वाचतील, हात चालवलात तर. दर दोन तासांनी पिळून काढायचं, एक थेंब आत ठेवायचा नाही. काढलेलं खड्ड्यात पुरायचं. मी सांगेपर्यंत दूध कुणाच्या तोंडी जाता कामा नये."

सहा दिवस तिने ते केलं. पिळायचं, गरम पाण्याने शेकायचं, खड्डा उकरायचा, ओतायचं, माती लोटायची. सडातून येणारं काहीही आता तिला दूध वाटेना. मनगटं सुजली. जेवायला हात तोंडाशी नेला की वास यायचा, मग ती चमच्याने खायची, चमच्यालाही यायचा. नवऱ्याने एकदा म्हटलं, "मी पिळतो थोडा वेळ." ती म्हणाली, "नको. माझं मी काढते."

पण त्याआधी, डॉक्टर येऊन गेला त्याच संध्याकाळी, ती गल्लीत गेली होती. बायका पाण्याच्या टाकीपाशी होत्या.

"उद्यापासून दूध घाला," ती म्हणाली. "चूक माझी. पन्नास आणि पाच एकच आहेत. आपल्या कुणाचंच दूध वाढलं नव्हतं. मावशी, तुमचे सहाचे एकसष्ट झाले, म्हणजे तेव्हा होतं तिथेच होतं. माझं तर ऐंशीवरून पंचेचाळीसवर आलंय. गाय आजारी आहे."

बत्तीसने हातातली कळशी खाली ठेवली.

"म्हणजे पाच दिवस आम्ही गटारात ओतलं ते?" बत्तीस म्हणाली.

"हो."

"तुझ्या शब्दावर."

"हो."

"पेंडीचा गुण," मागून कोणीतरी म्हणालं, आणि एकजण फिस्सकन हसली. मग सगळ्याच. बत्तीस हसली नाही. तिने कळशी उचलली आणि जाताना म्हणाली, "पुढारीण."

दुसऱ्या सकाळी एक्केचाळीसच्या उंबऱ्यावर कुणीतरी नासक्या दुधाचं मडकं पालथं केलेलं होतं. गाठी, पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. ती राख घेऊन आली, बसली, आणि खराट्याने ते भरू लागली. कुणाचं मडकं, ते तिने ओळखलं होतं. धुऊन ते परत त्यांच्या दारात नेऊन ठेवलं. बत्तीसने दार उघडलं, मडकं आत घेतलं, दार लावलं.

*

डॉक्टरने परवानगी दिली त्या दिवशी किटली अर्धीच भरली. तीन सडांचं दूध. शाळेला सुट्टी होती, म्हणून खार बरोबर आली. रांगेत पुढच्या बाईने पदर आवरून घेतला.

रांगेत उभं राहून ती एकच गोष्ट घोळवत होती. मापाडी. त्याला सगळं माहीत होतं. दोन महिने बायका बहात्तर आणि एकसष्ट म्हणून नाचत होत्या, तेव्हा हा हिरड्या दाखवत बसला. एका शब्दाने सांगितलं असतं तर गाईचा सड वाचला असता, सासूच्या वाटीत ती घाण गेली नसती. असला माणूस दुधात हात घालतो, याचीच तिला किळस येत होती.

त्याने नमुना मशीनमध्ये ओतला. "एक्केचाळीस नंबर. बावन्न. घेतलं."

तिने किटली सोडली नाही. "पूर्ण सांग."

"काय पूर्ण?"

"तीनापासून. टिंबासकट."

"रांग आहे ना मागे."

"रांग थांबेल. तुला ठाऊक होतं ना, पाच आणि पन्नास एकच आहेत ते? ठाऊक असून गप्प बसलास."

मापाड्याने मशीनकडे बघितलं, मग पाटीकडे.

"वरून कागद आला," तो म्हणाला. "पाचाच्या जागी पन्नास लिहा. मी लिहिलं."

"आणि विचारलं नाहीस, का म्हणून?"

"कुणाला विचारू?" त्याचा आवाज खाली आला. "मलाही वाटलं, मशीन चांगलं आहे, सगळ्यांचं वाढतंय. मग कागद आला, तेव्हा वाटलं, वाढलंय म्हणून मर्यादा वाढवली असेल. माझ्या मेव्हणीचंही परत केलं मी एक दिवस. ती अजून घरी येत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. दहा दिवस तिने मनात ज्याला चोर म्हणून कुटलं, तो हा. हातात मशीन, समोर पाटी, आणि पाटीवरचं त्यालाच वाचता येत नाही. यावर रागसुद्धा नीट बसत नव्हता.

"चोर असतास तर परवडलं असतं," ती म्हणाली.

मागे कोणी हसलं नाही. सात नंबरची म्हातारी रांग सोडून पुढे आली आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिच्या मागोमाग बत्तीस आली. तिने एक्केचाळीसकडे बघितलं नाही, तिच्या शेजारी किटली ठेवली आणि मापाड्याला म्हणाली, "सांग तिला. मग माझंही तसंच सांग."

मापाड्याने मशीनच्या काचेवर बोट ठेवलं. बोटाखाली आकडा चमकत होता.

"तीन," तो म्हणाला. "टिंब. पाच." मग थांबला. "पाच दशांश?"

"हं," खार म्हणाली.

"आणि दोन."

खारीने तोंड उघडलं. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून दाबला, आणि तिने ते मिटलं. किटल्यांच्या काठांवर माश्या बसल्या होत्या, कोणी हाकलल्या नाहीत. मापाडी बायकांच्या तोंडांकडे एकेक करून बघत गेला.

"दोन काय?" एक्केचाळीसने विचारलं.